एका वेळापत्रकाची दोन उत्तरे

नव्वदचे दशक सरत आले होते. बालाघाटच्या एका उच्चतर माध्यमिक शाळेत मी गणित शिकवत होतो, आणि शाळेचे वार्षिक वेळापत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे नुकतेच आले होते. ज्यांनी हे काम कधी केले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्याकडे चौदा तुकड्या, बावीस शिक्षक, आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाच्या आठ तासिका होत्या. एकाच वेळी एक शिक्षक दोन वर्गांत असू शकत नाही आणि एका वर्गात दोन शिक्षक असू नयेत. एवढ्या दोन अटी पाळणे अवघड नाही. अवघड होती ती आठवी तासिका.

आठवी तासिका चार वाजून वीस मिनिटांनी सुरू होई आणि पाचला संपे. ती प्रत्येकाला मोकळी हवी असे. माझ्या आधी तीस वर्षे भूगोलाचे सर वेळापत्रक करत. ते वयाने आमच्यात सर्वांत मोठे होते. रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून, प्रत्येक शिक्षकाला एक रंग देऊन, जेवणाच्या टेबलावर ते आठवडाभर मांडणी करत. जूनच्या अखेरच्या आठवड्यात त्यांच्याकडे येणाऱ्यांची वर्दळ वाढे. कोणी घरचे चिन्नोर तांदूळ घेऊन येई, कोणी नुसताच प्रकृतीची चौकशी करायला येई. सर कोणाकडून काही घेत नसत, परंतु पिशवी परत नेणाऱ्याची आठवी तासिका भरलेली निघाली की लोक तोंडाने बोलत नसत आणि डोळ्यांनी सगळे बोलत. अखेर एका वर्षी सरांनी पट्ट्यांची डबी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तुमी करा आता. तुमच्याजवळ मशीन हाय. मशीनले कोणी तांदूळ देत नाही."

तेव्हा मी प्रोग्राम लिहिला. सी नावाची भाषा मी पुस्तकावरून शिकलो होतो, आणि तिचा मोफत कंपायलर एका संगणकविषयक मासिकासोबत आलेल्या सीडीवर मिळाला होता. माझ्या प्रोग्राममध्ये एकाही शिक्षकाचे नाव नव्हते. प्रत्येकाला क्रमांक होता. मी सहावा, रसायनशास्त्राच्या बाई चौदाव्या. प्रत्येक गैरसोयीला मी अपूर्णांकात भार दिला: आठवी तासिका भरली तर ०.३५, सलग तीन तासिका आल्या तर ०.२, मध्येच एक रिकामी तासिका लोंबकळत राहिली तर ०.१. सर्वांची बेरीज म्हणजे त्या वेळापत्रकाचा एकूण त्रास. प्रोग्राम कोणत्याही दोन तासिकांची अदलाबदल करून पाही. त्रास वाढला नाही तर नवी मांडणी ठेवी, वाढला तर जुनी परत आणी. असे लाखो वेळा. निवड यादृच्छिक दिसली तरी तिची सुरुवात मी एका ठरलेल्या संख्येने करत असे, म्हणजे कितीही वेळा चालवा, उत्तर तेच यावे. पुन्हा चालवून तेच उत्तर येणे, हीच माझ्या मते निःपक्षपातीपणाची कसोटी होती. मी ती स्टाफरूममध्ये सर्वांना समजावूनही सांगितली होती.

शाळेचा जुना संगणक ४८६ जातीचा होता. त्यावर प्रोग्रामला पाच तास लागत. त्या वर्षी जूनच्या मध्यावर मी तो सकाळी लावला, दुपारी उत्तर घेतले, आणि त्यात चौदाव्या क्रमांकाची आठवी तासिका पाच दिवस मोकळी निघाली. फक्त मंगळवारची भरलेली होती.

मी बाईंना ते लगेच सांगितले. ही माझी पहिली चूक. वेळापत्रक एक जुलैला फलकावर लागते, तोवर ते कोणाला सांगायचे नसते. पण त्यांना सांगण्यावाचून मला राहवले नाही. बाई लालबर्ऱ्याहून येत. त्यांचे पती तिरोडीच्या खाणीत होते आणि शनिवारी रात्रीच घरी येत. घरी सासू होत्या. त्यांची दृष्टी गेल्या दोन वर्षांत पूर्णपणे गेली होती. शेजारच्या बाई त्यांच्याजवळ साडेपाचपर्यंत बसत आणि मग स्वतःच्या घरच्या स्वयंपाकाला जात. बालाघाटहून चार चाळीसची बस मिळाली तर बाई साडेपाचच्या आत घरी पोचत. ती चुकली तर पुढची सव्वासहाची. म्हणजे सासूबाई दीड तास एकट्या. मागच्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी त्या चुलीपर्यंत चाचपडत गेल्या होत्या आणि त्यांचा हात भाजला होता.

"पाच दिवस?" बाई म्हणाल्या. "सर, खरं सांगता का मस्करी करून राह्यले?"

"संगणक मस्करी करत नाही," मी म्हणालो.

"मंगळवारचं मी पाहून घेतो. एका दिवसासाठी भाची येऊन बसन." त्यांनी त्याच दिवशी शेजारणीला सांगून टाकले, भाचीला निरोप धाडला.

आठवड्याभराने नवा संगणक आला. तो एका सरकारी योजनेतून आला होता, आणि त्याचे उद्घाटन करायला जूनच्या शेवटच्या दिवशी जिल्ह्याचे एक शिक्षण अधिकारी येणार होते. प्राचार्यांनी मला बोलावले. ते सागरकडचे होते आणि हिंदीतच बोलत.

"मासाब, साहब के सामने टाइम-टेबल निकालना है। इधर चाय आई, उधर कागज़ बाहर। चाय खत्म होने से पहले।"

मी मनाशी हिशेब केला. अधिकाऱ्यांचा चहा, बिस्किटे आणि दोन शब्द धरून पंधरा मिनिटे. जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालवून पाहिला तर पन्नास मिनिटे लागली. म्हणजे त्याचा वेग तिपटीहून अधिक वाढवणे भाग होते.

हे करण्याचा मार्ग कंपायलरच्या पुस्तिकेत दिलेला होता. कंपायलर हा भाषांतरकार असतो. आपण लिहिलेला प्रोग्राम तो प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये उतरवतो. त्याला काही सांगितले नाही तर तो शब्दाला शब्द ठेवून सावकाश भाषांतर करतो. मात्र आज्ञेच्या शेवटी काही चिन्हे जोडली, ज्यांना फ्लॅग म्हणतात, तर तो अनावश्यक पायऱ्या गाळतो, क्रम बदलतो, आणि तुमचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे ते सांगितल्यास त्या जातीला सोयीच्या सूचना निवडतो. -O2 म्हणजे बऱ्यापैकी सुधारणा, -O3 म्हणजे त्याहून अधिक. आणि -march= या चिन्हापुढे प्रोसेसरची जात लिहायची.

इथेच माझ्या गोंधळाला आरंभ झाला, कारण आमचा प्रोसेसर कोणता हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. खोक्यावर एक चकचकीत स्टिकर होते, त्यावर केवळ वेगाचा आकडा होता. पुरवठादाराच्या कागदावर '५८६/६८६ श्रेणी' असे लिहिले होते. या दोहोंतील तिरपी रेघ म्हणजे 'किंवा' की 'आणि', हे मला समजेना. मी शिक्षकाच्या बुद्धीने विचार केला: सहावीचा विद्यार्थी पाचवीचे पुस्तक वाचू शकतो, तेव्हा मोठा वर्ग लिहिणेच सुरक्षित. मी -march=i686 लिहिले. कंपायलरने कुरकूर न करता भाषांतर करून दिले. मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर एकच इंग्रजी ओळ उमटली, इल्लीगल इन्स्ट्रक्शन, आणि सगळे थांबले.

प्राचार्य मागेच उभे होते. "इल्लीगल?" ते दचकून म्हणाले. "मासाब, सरकारी मशीन है। इल्लीगल काम मत करवाइए इससे।"

मी त्यांना समजावले की यात कायद्याचा काही संबंध नाही. माझी चूक विचाराच्या दिशेत होती. पुस्तक सहावीचे होते आणि वाचणारा पाचवीतला निघाला. आमचा प्रोसेसर ५८६ होता, त्याला सहाव्या इयत्तेतील एक सूचना माहीतच नव्हती. प्राचार्यांनी मान हलवली, पण दोन पावले मागे सरकून उभे राहिले.

मग मी -O2 आणि -march=i586 लिहिले. प्रोग्राम अकरा मिनिटांत संपला. मला अतिशय आनंद झाला. मी कागद छापून घेतला, एकूण त्रासाचा आकडा पाहिला. तो जूनच्या मध्यावर आला होता तोच होता, शेवटच्या दशांशापर्यंत. म्हणून तासिका तपासण्याची गरज नव्हती. तरी सवयीप्रमाणे पहिली ओळ जुन्या कागदाशी ताडून पाहिली.

ती वेगळी होती. दुसरीही वेगळी होती.

मी चौदाव्या क्रमांकाची ओळ काढली. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार: आठवी तासिका भरलेली. मंगळवार आणि शनिवार मोकळा. मग कोणाच्या आठव्या तासिका मोकळ्या झाल्या हे शोधू लागलो. सहाव्या क्रमांकाच्या, पाच दिवस. सहावा क्रमांक माझा.

त्या क्षणी मला जे वाटले त्याला भीती म्हणता येणार नाही. फळ्यावर उदाहरण सोडवत असताना मागून एखादा विद्यार्थी 'सर, उत्तर चुकले' म्हणतो आणि आपल्याला चूक दिसत नाही, तसे काहीसे वाटले. प्रोग्राम तोच. शिक्षक तेच. सुरुवातीची संख्या तीच. मी पुन्हा चालवला. अकरा मिनिटांनी तेच दुसरे उत्तर. फ्लॅग काढून टाकले आणि पुन्हा चालवला. पन्नास मिनिटांनी पहिले उत्तर. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम होते.

पुढचे दोन दिवस मी पद्धतशीरपणे वागायचे ठरवले. एक वही घेतली, तिच्यात पट्टीने रकाने आखले: फ्लॅग, लागलेला वेळ, एकूण त्रास, चौदाव्याच्या मोकळ्या आठव्या तासिका, सहाव्याच्या मोकळ्या आठव्या तासिका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेचा नियम. -O1 लावले तर बाईंना तीन, मला चार. -O3 लावले तर बाईंना चार, मला दोन. -O2 ठेवून प्रोसेसरची जात ४८६ सांगितली तर बाईंना एक. एकूण त्रास प्रत्येक ओळीत जवळपास सारखाच. जसजसे रकाने भरत गेले तसतसे मला कमी कळू लागले. वेग वाढवायला सांगितल्यावर भाषांतरकाराने भाषांतर लवकर करावे हे ठीक. त्याने रसायनशास्त्राच्या बाईंची बस का चुकवावी?

भूगोलाचे सर खिडकीपाशी बसून माझ्याकडे पाहत होते. ते उठून आले, वहीत डोकावले, सहाव्या क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवले.

"हा सहा नंबर कोण?"

"मी."

"अन् मंग पाच दिवस सुट्टी कोणाले?"

मी पुन्हा त्याच रकान्याकडे बोट दाखवले.

"वा मास्तर!" ते म्हणाले. "माझ्या पट्ट्याइले तीस वर्षांत मालक ओळखता नाही आला. तुमच्या कंप्यूटरनं आठ दिवसांत ओळखला."

स्टाफरूममधले सगळे हसले. रसायनशास्त्राच्या बाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या वह्या खाली ठेवून माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, काही बदललं का?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"मी शेजारणीले सांगून बसली. भाचीले बी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बदललं असन तर आत्ताच सांगा. एक तारखेले फळ्यावर पाहून मी काय करू?"

"मला दोन दिवस द्या," मी म्हणालो. वर्गात 'हे उद्या पाहू' असे म्हणण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे हे वाक्य उच्चारताना जड गेले.

उत्तर पुस्तिकेतच होते, पण अशा ठिकाणी जिथे कोणी वाचत नाही. ते मला समजले तसे सांगतो. प्रोसेसर बेरीज करतो तेव्हा ती संख्या त्याच्या आतल्या, अगदी जवळच्या जागेत असते. त्या जागेत दशांशानंतरचे अधिक अंक मावतात. हीच संख्या बाहेर स्मृतीत ठेवली की शेवटचे काही अंक छाटले जातात. ज्याने तोंडी हिशेब करताना दशांशाची अठरा स्थळे लक्षात ठेवली पण पाटीवर लिहिताना पंधराच लिहिली, असा विद्यार्थी कल्पावा. संथ भाषांतरात प्रत्येक पायरीनंतर संख्या पाटीवर लिहिली जात होती. वेगवान भाषांतरात ती तोंडीच राहत होती, कारण लिहिण्यात वेळ जातो. आणि ०.३५, ०.२, ०.१ हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाहीत, ते शेवटच्या स्थळी थोडे कमीअधिक असतात. त्यामुळे जिथे दोन मांडण्यांचा त्रास अगदी सारखा होता, तिथे 'नवी ठेवायची की जुनी' याचा निकाल सोळाव्या-सतराव्या स्थळावरचा तो छाटलेला किंवा न छाटलेला तुकडा लावत होता. लाखो अदलाबदलींत असे प्रसंग हजारो वेळा येत, आणि एकदा वाट फुटली की दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येत नसत.

ज्याला मी निःपक्षपातीपणा म्हणत होतो तो एवढाच होता.

पुस्तिकेत यावर उपायही होता: -ffloat-store. हा फ्लॅग लावला की प्रत्येक संख्या पाटीवर लिहून मगच पुढे जायचे. मी तो -O2 सोबत लावून पाहिला. बाईंचे पहिले वेळापत्रक जसेच्या तसे परत आले. वेळ मात्र चौतीस मिनिटे. चहा तेवढा पुरणार नव्हता.

आणि आता एक नवीच अडचण होती. कोणता फ्लॅग लावला म्हणजे कोणाची आठवी तासिका मोकळी होते, हे मला ठाऊक झाले होते. यापुढे मी जो फ्लॅग निवडेन तो निवडताना मी बाईंना निवडेन, किंवा स्वतःला, किंवा तिसऱ्याच कोणाला. प्रोग्राममध्ये नाव नव्हते हे खरे. पण आज्ञेच्या ओळीत शेवटी जे चिन्ह मी जोडणार होतो त्यात नाव होतेच. मी त्यावर पुष्कळ विचार केला. जूनच्या मध्यावर, फ्लॅगचा आणि माझा परिचय नसताना, जे उत्तर आले होते ते तरी माझ्या हेतूपासून मुक्त होते. तेच फलकावर लावावे आणि अधिकाऱ्यांसमोर अकरा मिनिटांचा प्रोग्राम केवळ प्रात्यक्षिक म्हणून चालवावा, असे मी ठरवले. दोन्ही कागद दिसायला सारखेच. कोणाचे काही बिघडणार नव्हते.

जूनच्या शेवटच्या दिवशी अधिकारी आले. नारळ फुटला, संगणकाला कुंकू लागले, झेंडूचा हार पडद्यावरून ओघळू नये म्हणून मी तो मागे सरकवला. चहा आला. मी प्रोग्राम सुरू केला. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मी त्यांना तासिकांची अदलाबदल समजावून सांगितली, आणि दुसरा कप अर्ध्यावर असताना प्रिंटर करकरू लागला. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी कागद फाडून घेतला, त्याच्या कडेच्या भोके असलेल्या पट्ट्या स्वतः काढल्या, आणि दोन्ही हातांनी अधिकाऱ्यांपुढे धरला.

"साहब, दो शब्द लिख दीजिए। यादगार रहेगा।"

अधिकाऱ्यांनी पेन काढले. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी 'अनुमोदित' असे लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. सोबत आलेल्या कारकुनाने शिक्का पुढे केला. तोही बसला.

मी तिथे उभा होतो. मी त्या कागदाच्या माथ्यावर 'नमुना' एवढा तीन अक्षरांचा शब्द छापायची सूचना प्रोग्राममध्ये घालायला हवी होती. ती घातली नव्हती. सरकारी शाळेत इतकी वर्षे काढूनही, समोर आलेल्या कोऱ्या कोपऱ्यावर अधिकारी काय करतात, हे मी गृहीत धरले नव्हते.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी प्राचार्यांना सगळे सांगितले: तो कागद केवळ दाखवण्यापुरता होता, खरे वेळापत्रक माझ्या कपाटात आहे.

त्यांनी विचारले, "दोनों इसी मशीन से निकले?"

"जी."

"दोनों सही हैं?"

"जी. दोनों सही हैं."

"तो फिर जिस पर दस्तखत हैं, वो ज़्यादा सही है। मासाब, साहब के दस्तखत के ऊपर मैं क्या काटूँ?"

त्यांच्या तर्कात मला दोष दाखवता आला नाही. त्याच संध्याकाळी, एक दिवस आधीच, सही-शिक्क्याचा कागद काचेच्या फलकात लागला. बाई त्यासमोर उभ्या राहिल्या. बोटाने त्यांनी चौदाव्या ओळीवरचे चार दिवस मोजले, आणि बसला निघून गेल्या. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो, हाक मात्र मारली नाही, कारण हाक मारून सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये लवकर पोचलो. भूगोलाचे सर आधीच आले होते, आणि त्यांच्यासमोर पट्ट्यांची डबी उघडी होती. फलकावरचे वेळापत्रक त्यांनी टेबलावर रंगांत मांडले होते.

"बसा," ते म्हणाले. "टाइम-टेबल बदलता येत नाही ना? नका बदलवू. अरेंजमेंट रजिस्टर तं हाय. त्याच्यावर कोणत्या साहेबाची सही हाय?"

शिक्षक गैरहजर असला की त्याच्या तासिकेला दुसरा कोण जाईल हे ज्यात लिहितात ते रजिस्टर. त्यात रोज बदल होतात आणि ते पाहायला वरून कोणी येत नाही. हे मला सुचले नव्हते.

सरांनी माझी निळी पट्टी उचलली. सोमवारी आठव्या तासिकेला बाई बारावीच्या गणित गटाला रसायन शिकवणार होत्या. त्याच गटाला मी तिसऱ्या तासिकेला गणित शिकवत होतो, आणि तेव्हा बाई मोकळ्या होत्या. निळी पट्टी आठवीवर, हिरवी तिसरीवर. सोमवार सुटला. बुधवार तसाच सुटला. शुक्रवार अडला, कारण त्या गटाला मी दुसऱ्या तासिकेला शिकवत असे आणि तेव्हा बाई नववीत विज्ञान शिकवत होत्या. सरांनी स्वतःची तपकिरी पट्टी काढली. शुक्रवारी सहाव्या तासिकेला नववीत त्यांचा भूगोल होता. "मी दुसऱ्याले जातो नववीत. बाई सहाव्याले जातीन. मंग दुसऱ्याले त्या बारावीत." हे सगळे त्यांनी इतक्या कमी वेळात केले की माझा प्रोग्राम अजून मांडणी वाचतच असता.

"गुरुवार?" मी विचारले.

ते बराच वेळ पट्ट्या हलवत राहिले. गुरुवारी आठव्या तासिकेला बाईंकडे बारावीचा जीवशास्त्र गट होता. त्या मुलांना गणित नसते. मी तिथे जाऊन काय शिकवणार? इतर जे मोकळे होते ते त्या गटाला शिकवतच नव्हते. सरांनी हिरवी पट्टी जिथे होती तिथेच परत ठेवली.

"गुरुवार बसत नाही," ते म्हणाले.

बाई आल्या तेव्हा आम्ही त्यांना टेबल दाखवले. त्यांनी तीन दिवस पाहिले, मग गुरुवार पाहिला. "तीन दिवस झालं म्हणजे लय झालं," त्या म्हणाल्या. भाचीला मंगळवारी बोलावले होते. नव्या कागदात मंगळवार मोकळाच होता. तिला त्यांनी गुरुवारी यायचा निरोप पाठवला. परंतु भाची गुरुवारी शिवणवर्गाला जात असे, तिला जमले नाही. तेव्हा गुरुवारी सासूबाई एकट्या राहणार, हे ठरलेच.

सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी मी बारावीत गेलो. बाई व्हरांड्यातून घाईघाईने फाटकाकडे जाताना खिडकीतून दिसल्या. त्यांनी मागे पाहिले नाही.

पहिल्या गुरुवारी पाच वाजता शाळा सुटली. माझी आठवी तासिका मोकळी होती, तरी मी गेलो नाही. बाई सव्वासहाची बस येईपर्यंत स्टाफरूममध्ये बसल्या, मीही बसलो. काय घडले ते त्यांना कळावे, असे मला वाटत होते. मी कागद घेऊन त्यांना पाटीचे आणि तोंडी हिशेबाचे उदाहरण दिले, सतराव्या स्थळाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीला दशांशाची भीती नसते.

"म्हणजे आमची बुढी आज अंधार पडेपर्यंत एकटी बसन ते त्या सतराव्या आकड्यानं."

"तिला अंधार..." मी बोलता बोलता थांबलो.

"हौ, तिले काय अंधार अन् काय उजेड. पण संध्याकाळ झाली हे तिले समजते. कोंबड्या गप झाल्या का समजते." त्यांनी घड्याळ पाहिले. "पुढच्या साली काय करसाल सर? तो हळू चालणारा लावसाल का जल्दी चालणारा?"

मी त्यावर विचार केलेला होता. "दोन्ही नाही. पुढच्या वर्षी मी आधी प्रत्येकाला विचारेन, कोणाची बस किंवा गाडी किती वाजता आहे, आणि ती वेळच प्रोग्राममध्ये घालेन. मग सतराव्या स्थळाला काही ठरवू देणार नाही."

"अन् नाव नाही घालसाल?"

"नाव नाही. फक्त बसची वेळ."

"चार चाळीसच्या बसनं जाणारी शाळेत मी एकलीच हावो सर," त्या म्हणाल्या. "मंग ते नाव नाही तं काय?"

मी कागदावर उगाच एक रकाना आखला. बाई मोकळेपणाने हसल्या, पदर नीट केला, पिशवी उचलली. फाटकापर्यंत मी त्यांच्यासोबत चाललो आणि वाटेत दोनदा बोलायला तोंड उघडले. दोन्ही वेळा माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला बरोबर वाटत होता आणि दुसरा चूक. सहा वाजून गेले होते. त्या बसस्थानकाकडे वळल्या, आणि मी तिथेच उभा राहून लालबर्ऱ्याला पोचायला त्यांना किती वेळ लागेल ते मोजत राहिलो.